पत्रांतले तळे

६ मार्च

ताई,

तुझे पत्र काल दुपारी मिळाले. तीन महिन्यांनी तुझे अक्षर दिसले, त्यामुळे पत्र चारच ओळींचे आहे हे आधी लक्षातच आले नाही. मग नीट वाचले. वीस एप्रिलला सकाळच्या गाडीने बाळाला घेऊन येशील, आईचे तळे तिला दाखवशील, बाबांना भेटशील आणि संध्याकाळी परत निघशील. माझ्याशी बोलण्यासारखे तुझ्याजवळ काही नाही.

ते मला मान्य आहे. आई पाच महिने अंथरुणावर होती. त्या काळात या घरातून तुला सात पत्रे गेली आणि त्यांतल्या एकातही आजाराचा उल्लेख नाही. आईला ऐकू येईनासे झाल्यापासून फोनचा उपयोग उरला नव्हता आणि तिची बोटे वाकडी झाल्यापासून ती सांगायची व मी लिहायचे. खाली 'आई' एवढी दोन अक्षरे ती स्वतः काढायची. तुझी आधीची दोन बाळे गेलेली, या खेपेस तुला पलंगावरून उतरायची मनाई. मूल हातात येईपर्यंत ताईला काही कळता कामा नये, असे तिने मला आणि बाबांना बजावले होते. आई गेली, त्यानंतर नऊ दिवसांनी बाळ झाले आणि बाळ तीन आठवड्यांचे झाल्यावर बाबांनी तुला फोन केला. त्या वेळी तू त्यांना म्हणालीस, 'तुम्ही म्हातारे आहात, तुम्हाला सोडलं. तिला नाही.' त्यांनी ते मला जसेच्या तसे सांगितले. बाबांना पदरचे घालता येत नाही.

तेव्हा बोलण्याचा आग्रह नाही. फक्त थोडी माहिती हवी होती. तळ्याची डागडुजी काढली आहे. थंडीत कडेची माती ढासळली. तू येईपर्यंत ते पूर्ववत व्हावे अशी इच्छा आहे. आईने पत्रांत त्याचे वर्णन कसे केले होते ते तुझ्याजवळ लिहिलेले आहे, माझ्याजवळ प्रती नाहीत. लांबी किती सांगितली होती? बसायचा दगड कोणत्या बाजूला? कुमुदिनी पांढरी होती की गुलाबी? दोन ओळी पाठवल्यास काम सोपे होईल. त्याला बोलणे समजू नये.

बाळ मान धरू लागले असेल.

धाकटी


१५ मार्च

ताई,

उत्तर आले नाही. आठवेल तसे करते आहे.

ग्रंथालयात कामावर जाण्यापूर्वी रोज सकाळी दोन तास खणते. वरचा वीतभर थर मऊ आहे. त्याखाली विटांचे तुकडे, एक गंजलेले कुलूप आणि कुण्या तोडलेल्या झाडाचे मनगटाएवढे मूळ निघाले. ते मूळ कापायला तीन सकाळी लागल्या. डागडुजीला एवढे खणावे लागते हे मला ठाऊक नव्हते. तळहातांना फोड आले आहेत आणि ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठींवर माझे मातीचे ठसे उमटतात म्हणून ग्रंथपाल बाईंनी काल मला हातमोजे दिले.

सारे पुस्तकात पाहून करते आहे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, मध्ये अडीच फूट खोल. कडेने फूटभर खोलीवर एक पायरी सोडायची, म्हणजे तिच्यावर रोपांच्या कुंड्या बसतात. काठ सर्व बाजूंनी एका पातळीत हवा. तो एका बाजूला बोटभर जरी खाली असला तरी पाणी तिथून सांडते आणि समोरच्या बाजूला तळाचे काळे प्लास्टिक उघडे पडते. हे वाचून मी फळी आणि दोरी घेऊन बसले होते. बाबा मागच्या दाराशी उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग ते आत गेले, गळ्यात मापाची पट्टी अडकवून आले आणि म्हणाले, 'खड्ड्याची छाती किती, कंबर किती?' आई गेल्यापासूनचा त्यांचा हा पहिला विनोद. हे कशासाठी चालले आहे, असे त्यांनी विचारले नाही. तुझे पत्र त्यांनीही वाचले आहे.

मावशी रविवारी येऊन गेली. खड्ड्याकडे पाहून म्हणाली, 'आई जाऊन चार महिने नाही झाले, आणि हिला खेळ सुचतोय मातीत.' मी खणत राहिले. मला वेळेवर उत्तर कधी सुचत नाही. सुचते ते माणूस निघून गेल्यावर, आणि तेही लेखी.

तिच्याकडूनच कळले की शेवटचे, सातवे पत्र तू बाळाच्या गादीखाली ठेवतेस.

धाकटी


२९ मार्च

ताई,

तू मला 'गुणपत्रिका' म्हणायचीस. 'गुणपत्रिकेला विचारा, तिला सगळं येतं.' तर ऐक.

तळाला घालायचे प्लास्टिक किती घ्यायचे याचे सूत्र पुस्तकात आहे: लांबीत खोली दोनदा मिळवायची, रुंदीतही खोली दोनदा मिळवायची आणि काठावर दुमडायला वर फूटभर. लांबीचा हिशेब मी अचूक केला. रुंदीत खोली एकदाच मिळवली. वहीत पाहिले तर चूक लखलखीत दिसते आहे. उत्तराखाली मी दोन रेघासुद्धा मारल्या आहेत. गुंडाळी उलगडून खड्ड्यात बसवली तेव्हा एका बाजूने काठ गाठायला दोन-अडीच फूट कमी पडले.

बाबा म्हणाले, 'कापड बेतताना माया सोडतात, हे शिंप्याच्या पोरीला सांगायचं?' आणि मग मी ग्रंथालयात असताना त्यांनी ते प्लास्टिक खड्ड्यातून काढले, धुतले, पुसले आणि कापून टाकलेल्या लांबट तुकड्यातून पट्टी बेतून दुकानातल्या मशीनवर त्याला जोडली. दुहेरी टीप, इंचाला दहा टाके, दोन्ही कडा आत दुमडलेल्या. दोन सुया मोडल्या. एका गिऱ्हाइकाला त्यांनी 'उद्या या' सांगून परत पाठवले, जे त्यांनी आईच्या आजारातही केले नव्हते. संध्याकाळी मी आले तेव्हा खड्ड्याच्या तळाशी दुकानातल्या कातरणांचा जाड थर अंथरलेला होता, दगड टोचू नयेत म्हणून, आणि त्यावर ते जोडलेले प्लास्टिक. शिवण अशी सरळ, की पुस्तकातल्या चित्रात तसे काही नाही. बाबा हात पुसत उभे होते. नळ त्यांनीच सोडला.

सकाळी तळ्यात पाणी शिवणीपर्यंत उतरले होते. शिवणीच्या खाली भरलेले, वर कोरडे.

मी रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेले. त्या मोठ्या आवाजात बोलतात. मी सारे सांगितल्यावर त्यांनी झारी खाली ठेवली आणि म्हणाल्या, 'शिवलंत? मशीनवर? अहो, अठ्ठावीस वर्षं मी हा धंदा करते, लोकांनी डिंक लावलेला पाहिला, डांबर लावलेलं पाहिलं. शिवणारे तुम्हीच पहिले.' आणि मग माझा चेहरा पाहून हळू आवाजात, 'कुणी शिवलं?' 'वडिलांनी,' मी म्हणाले. त्यावर त्या हसल्या नाहीत.

बाबांना मी सांगितले नव्हते. त्यांनी स्वतःच वाकून पाहिले. 'सुई म्हणजे भोकच,' ते म्हणाले. 'चाळीस वर्षं भोकंच पाडत आलो, लक्षातच आलं नाही.' नंतर ते दुकानात गेले. दिवसभर मशीनचा आवाज आला नाही.

या साऱ्याला मी डागडुजी म्हणते आहे. मीच मागची दोन पत्रे आठवून पाहिली, तेव्हा ती वाचणाऱ्याला काय वाटत असेल ते ध्यानात आले.

धाकटी


५ एप्रिल

ताई,

तळ्याची डागडुजी नव्हती. तळे नव्हतेच.

पहिले पत्र आईने सांगितले, मी लिहिले. दुसरेही बहुतांशी तिचेच. तिसऱ्याच्या वेळी तिला दोन वाक्यांत धाप लागू लागली होती. ती म्हणाली, 'पुढचं तूच लिही काहीतरी चांगलं. निबंध बरा लिहितेस.' मी कागद घेऊन परसात जाऊन बसले. तिथे चांगले काही नव्हते. धुण्याचा दगड, कपड्यांची दोरी, एक पाय मोडलेली खुर्ची. मी लिहिले की आईने तळे करायला घेतले आहे.

तुझे उत्तर आठवड्यात आले. सहा आठवडे छताकडे पाहून कंटाळले होते, आता डोळे मिटून तुझ्या तळ्याकाठी बसते, पुढच्या पत्रात किती झालं ते कळव, असे तू आईला लिहिले होतेस. मग ते पुढे नेणे भाग पडले. चौथ्या पत्रात पाणी भरले. पाचव्यात कुमुदिनी लावली. सहाव्यात बेडूक आला. तुला तो बेडूक फार आवडला होता. त्याला आईने काय नाव ठेवले असेही तू विचारलेस. मला हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. तुझ्या उत्तराची मी वाट पाहत असे. आयुष्यात पहिल्यांदा माझे लिहिलेले कुणी गुण देण्यासाठी वाचत नव्हते.

सातवे पत्र आई गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी लिहिले. दुसऱ्या दिवसापर्यंत तुझ्याकडून चौकशीचे पत्र येऊन पडले होते आणि तुझे दिवस भरत आले होते. 'बाळाला पहिल्यांदा पाणी दाखवशील ते माझ्या तळ्याचं दाखव' हे वाक्य त्यात आहे. ते माझे आहे. खालचे 'आई' मी डाव्या हाताने काढले, वाकडे यावे म्हणून.

बाबांना हे मी काल सांगितले. ते सदऱ्याच्या बटणांची काजे करत होते. मान वर न करता म्हणाले, 'ठाऊक आहे. टपालात मीच टाकलं ना. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं होतंस.' मग मी म्हणाले, ताईला कळवायला हवे. तेव्हा मात्र त्यांनी सुई ठेवली.

'नको,' ते म्हणाले. 'तिच्याकडे आईचं म्हणून तेवढंच उरलंय.'

'तेवढंच उरलंय आणि तेही माझं आहे, बाबा.'

'असू दे तुझं. तिला कुठे कळतंय?'

त्यांचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. म्हणूनच आणखी एक गोष्ट सांगते. मंगळवारी रोपवाटिकेतल्या बाई स्वतः टेम्पोतून नवे प्लास्टिक घेऊन आल्या, एकसंध. त्यांनी आणि मी मिळून ते बसवले, बाबांनी काठावर दगड रचले. परवा पाणी भरले. पाण्याच्या कडेशी दगडावर मी खडूने खूण केली होती. काल सकाळी पाणी खुणेवर होते, आज सकाळीही खुणेवर आहे. हे न कळता वीस तारखेला तू आली असतीस तर तुला आठ फूट लांबीचे, पाच फूट रुंदीचे, दगडी काठाचे तळे दिसले असते. तू बाळाला कडेवर घेऊन म्हणाली असतीस, हे तुझ्या आजीने केलं. ती मोठी होऊन तेच पुढे सांगत राहिली असती.

शिवण गळत होती तोवर मला हे लिहिण्याची गरज भासली नाही. पाणी टिकल्यावर भासली.

तू बाबांना जे म्हणालीस ते आता अधिक बरोबर आहे.

धाकटी


१४ एप्रिल

ताई,

पाकीट मिळाले. सातही पत्रे आहेत. सातव्याच्या घड्यांना बाळाच्या पावडरीचा वास आहे. सोबतची चिठ्ठी वाचली. 'आईची वाक्यं कुठली ती अधोरेखित करून पाठव. बाकीची मला नकोत. वीसला येत नाही.'

बाबांना मी फक्त शेवटचे वाक्य सांगितले.

करते. थोडे दिवस दे. घाईने केले तर मी पुन्हा सोयीचे आठवेन.

धाकटी


२४ एप्रिल

ताई,

पत्रे सोबत परत पाठवते आहे. खुणा तांबड्या पेन्सिलीच्या आहेत.

पहिल्या पत्रात जवळजवळ सर्वत्र रेघ आहे. एके ठिकाणी आई 'बरी आहे' म्हणाली होती, तिथे मी 'ठणठणीत' केले होते. तो शब्द वगळला आहे. दुसऱ्यात शेजारणीच्या सुनेचा मजकूर पूर्ण तिचा, आणि 'तुझे बाबा जगाचे कपडे शिवतात आणि स्वतःचं बटण लावायला मला हाक मारतात' हेही तिचेच. तू ते कधीतरी माझे समजली असतीस, म्हणून मुद्दाम सांगते. तिसऱ्यात चार ओळी. चौथ्यात दोन, दोन्ही पथ्याच्या. पाचव्यात एकच: 'उजव्या कुशीवर झोपायची तुझी खोड, ती आता सोड.' सहाव्यात 'बाळाला माझा' एवढ्या दोन शब्दांखाली रेघ आहे. पुढचे तिला बोलता आले नाही. मी तिथे 'आशीर्वाद' लिहिले. तिला तोच शब्द म्हणायचा होता की आणखी काही, मला माहीत नाही. सातवे पत्र कोरे ठेवले आहे.

तीन वाक्यांखाली नागमोडी रेघ आहे. ती वाक्ये कुणाची हे मी खरोखर सांगू शकत नाही. नऊ दिवस आठवून पाहिले. तिचे बोलणे मी इतकी वर्षे लिहून घेतले आहे, की काही ठिकाणी ते तिच्याकडून माझ्याकडे आले की माझ्याकडून तिच्याकडे गेले, हे उलगडत नाही. त्यांचे काय करायचे ते तू ठरव.

वीस तारखेला बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. तू येणार नाहीस हे त्यांना ठाऊक होते. गाडीची वेळ टळेपर्यंत ते काठावर बसले, मग सदरा काढून घडी घालून ठेवला आणि कामाला लागले. तळ्यात अजून झाडे नाहीत. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या, म्हणून बाईंनी डब्यातून वीसेक लहान मासे आणून सोडले. दोन मेले, बाकीचे आहेत. आईने हे पाहिले असते तर ती काय म्हणाली असती ते मी सांगणार नाही. ते मी पुष्कळदा केले आहे.

तू मागितलेस तेवढे इथे संपले. पण तू मागितलीस ती पत्रांतली वाक्ये. आई जी वाक्ये बोलली आणि मी पत्रांत घातली नाहीत, ती तुला मागता आली नसती, कारण ती होती हेच तुला ठाऊक नाही.

तळ्याविषयी तू लिहिलेले उत्तर तिने स्वतः वाचले होते. चष्मा काढून मला म्हणाली, 'हे तळं कुठलं गं? डास होतील.' मी तिला कानाशी मोठ्याने सांगितले, तेवढे तेव्हा तिला ऐकू यायचे, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, 'असू दे मग. पण फार खोल नको करूस.' 'दुखतंय' हे ती रोज म्हणत होती. ते मी एकदाही लिहिले नाही. एकदा म्हणाली, 'धाकटीचं अक्षर चांगलं आहे, पण ती फार गोड लिहिते.' हे ती बाबांना सांगत होती. मी दाराशी उभी होते.

आणि जाण्यापूर्वी चार दिवस ती म्हणाली, 'ताईला बोलाव.'

मी लिहून दाखवले, तूच नको म्हणाली होतीस. ती म्हणाली, 'आता मी सांगते ना. बोलाव.' दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी बोलावले नाही. तुझ्या डॉक्टरांनी तुला पायरी उतरायलाही बंदी केली होती, बाळाला धोका होता, असे मी आजवर स्वतःला सांगत आले, आणि तू विचारले असतेस तर तुलाही सांगितले असते. ते खोटे नाही. पण त्या वेळी माझ्या मनात बाळ नव्हते. तू आलीस तर पहिल्यांदा परसात जाशील, एवढेच माझ्या मनात होते.

तू नाही तर तुझा निरोप तरी आणता आला असता. एक फोन लावून तुझे दोन शब्द मी तिला पाटीवर लिहून दाखवू शकले असते. आपण तिच्याशी बोलायला पाटी ठेवली होती, ती तुला आठवत असेल. ऐकू येणे पूर्ण बंद झाल्यावर तीच आमची भाषा होती. तिने दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा मी ती पाटी घेतली आणि तिच्यावर लिहिले: 'कळवले. ताई निघाली आहे.'

तिने ते दोनदा वाचले. मग कूस बदलून दाराकडे तोंड केले. दोन दिवस पाटी तिच्या उशाशी होती. औषधाची वेळ लिहून दाखवायला मी ती मागितली, तर तिने मला ती पुसू दिली नाही.

धाकटी